सरांसाठी नेलेली डबी

तिला सगळं गाव टाचणी म्हणायचं. तोंडात दोन-चार टाचण्या धरूनच ती गिऱ्हाइकाशी बोलायची, त्यामुळे हे नाव पडलं आणि चिकटलं. कोट सैल करायचा, पँट आखूड करायची, चेन बदलायची, ही तिची कामं. दुकान खाली, राहणं वर. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं.

रविवारी मात्र तिच्या तोंडात टाचणी नसायची. मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, संपली की फादर तिच्या हातात पितळेची एक लहानशी डबी द्यायचे, आणि ज्यांना अंथरुणातून उठता येत नाही त्यांच्यासाठी ती पवित्र भाकर घेऊन जायची. दिसायला म्हणाल तर कागदासारखी पातळ, पांढरी चकती. पण फादरांनी वेदीवर तिच्यावर प्रार्थना म्हटली की ती भाकर उरत नाही, ख्रिस्ताचं शरीर होते, ही टाचणीची श्रद्धा होती. आणि ती श्रद्धा शोभेची नव्हती. डबीसाठी तिने स्वतः मखमली पिशवी शिवली होती, दुहेरी शिलाईची, गळ्यात अडकवायला नाडी लावलेली. फादरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "डबी गळ्यात असताना वाटेत थांबायचं नाही. गप्पा नाहीत, बाजार नाही, कुणाचा चहा नाही. सरळ आजाऱ्याच्या दारात." दोन वर्षांत तिने हा नियम एकदाही मोडला नव्हता, आणि त्याचा तिला थोडा ताठाही होता.

त्या रविवारी डबीत दोन चकत्या होत्या. एक चर्चच्या मागच्या गल्लीतल्या आंधळ्या मावशींसाठी. दुसरी सरांसाठी.

सर म्हणजे इतिहासाचे सर. सातवीत टाचणी त्यांच्याच वर्गात होती. या सरांनी एकतीस वर्षं चर्चची पायरी चढली नव्हती. कारण साधं होतं. चर्चच्या डाव्या वेदीखाली काचेच्या पेटीत एका हुतात्म्याची हाडं आहेत; गावात त्याला काचेतला संत म्हणतात. चर्चला दीडशे वर्षं झाली तेव्हा सरांना पुस्तिका लिहायला सांगितली होती. सरांनी जुने कागद धुंडाळले आणि सरळ लिहून टाकलं, की ही हाडं रोममधल्या भुयारी दफनभूमीतून आली खरी, पण माणूस कोण ते कुणालाच माहीत नव्हतं. त्याचं नाव आणि त्याची हौतात्म्याची गोष्ट, दोन्ही पाठवणाऱ्यांनी मागाहून जोडली. तेव्हाच्या फादरांनी ती पुस्तिका जाळली आणि मिस्सेच्या प्रवचनात, भर गर्दीत, सरांचं नाव घेऊन म्हटलं, "शिकलेल्या माणसाला विश्वास जड होतो." सर उठले, बायकोला तिथेच सोडून बाहेर पडले, ते पडलेच.

आता अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली होती आणि छातीत पाणी होत होतं. डॉक्टरांनी दिवस मोजायला सांगितले नव्हते, पण महिनेही सांगितले नव्हते. शुक्रवारी त्यांनी स्वतःहून नव्या फादरांना बोलावलं. दोन तास दार बंद होतं. पापनिवेदन झालं, पण प्रसाद त्यांनी तेव्हा घेतला नाही. म्हणाले, "रविवारी. मिस्सेतून आलेला. आणि टाचणीच्या हातून. ती माझी विद्यार्थिनी आहे."

हे ऐकून टाचणीला दोन रात्री झोप लागली नव्हती. आणि नेमक्या त्याच रविवारी ती वाटेत थांबली.

मावशींकडून निघाल्यावर तिचा रस्ता दुकानावरून जायचा. दुकानाच्या बंद फळीवर पंपवाला धडाधड थापा मारत होता. हा पेट्रोल पंपावर काम करणारा गरीब माणूस. त्याच्या मुलीचं लग्न ठरत होतं, साडेअकराच्या बसने तो तीन तासांवरच्या शहरात होणाऱ्या व्याह्यांना भेटायला निघाला होता, आणि भावाचा जुना कोट त्याने टाचणीकडे सैल करायला टाकला होता. शनिवारी देते म्हणाली होती. सरांच्या विचारात साफ विसरली.

"ताई, कोट झाला नाही ना अजून? तसाच घातला तर बटण लागत नाही हो. आता मी व्याह्यांसमोर काय पोट आत ओढून बसू?"

तिने घड्याळ पाहिलं. दहा वाजून पाच मिनिटं. सरांकडे साडेदहाची वेळ होती. हे वीस मिनिटांचं काम. शब्द तिने दिला होता आणि मोडलाही तिनेच होता. गळ्यातल्या पिशवीवर हात ठेवून ती क्षणभर उभी राहिली, आणि मग तिने फळी उघडली.

मशीनवर वाकल्यावर डबी सारखी मशीनच्या कडेवर आपटायला लागली. ते तिला बघवेना. तिने पिशवी गळ्यातून काढली, क्रूसाची खूण केली आणि समोरच्या टेबलावर, कोऱ्या खाकी कागदावर ठेवली. स्वच्छ जागा तेवढीच होती. पाठीची शिवण उसवली, दोन बोटं कापड सोडलं, टिपा मारल्या, इस्त्री फिरवली. पंपवाला पाठीशी उभा राहून मिनिटागणिक वेळ सांगत होता. तिने कोटाची घडी घातली, कागदात गुंडाळली, सुतळी बांधली, पुडकं त्याच्या हातात दिलं. तो आशीर्वाद देत पळाला. टाचणीने स्वेटर अंगात घातला, फळी ओढली आणि तीही जवळजवळ पळतच निघाली.

सरांचं घर दुसऱ्या मजल्यावर. दार मुलीने उघडलं. ही मुलगी सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढायची. देवाधर्माचं तिला प्रेम नव्हतं आणि चर्चचा तर राग होता. लहानपणी शाळेत तिला 'पाखंड्याची पोर' म्हणून चिडवलेलं ती विसरली नव्हती. पण वडिलांनी सांगितलं म्हणून तिने पलंगाशेजारच्या स्टुलावर पांढरा रुमाल अंथरला होता, मेणबत्ती ठेवली होती, पेल्यात पाणी ठेवलं होतं.

"या. पहाटेपासून उठून बसलेत. दाढी करून घेतली माझ्याकडून. चहासुद्धा घेतला नाही."

टाचणीने स्वेटरच्या आत हात घातला.

नाडी नव्हती. तिने गळा चाचपला, छाती चाचपली, खांदे चाचपले. काहीच नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे तो खाकी कागद आला. त्यावर पिशवी. पिशवीवर ठेवलेला कोट. आणि सुतळीची गाठ मारणारे तिचे स्वतःचे हात.

"काय झालं?" मुलीने विचारलं.

"एक वस्तू राहिली. आले मी. आत्ता आले."

जिना ती कसा उतरली ते तिला आठवत नाही. दुकानात जाऊन तिने टेबल पाहिलं, टेबलाखाली पाहिलं, चिंध्यांची टोपली उलटी केली. उगीच. तिला माहीत होतं. हरवलेल्या वस्तूंचा संत अंतोनी. लहानपणापासून किल्ली हरवली, मशीनचं बॉबिन हरवलं की ती त्याला हाक मारायची. आज मात्र तोंडातून नाव फुटेना. बॉबिन आणि हे, दोन्हींसाठी एकच हाक मारायची? पावतीवर पंपवाल्याचा नंबर होता. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

बसस्थानक अर्ध्या तासाच्या वाटेवर. गुडघे धरून, धापा टाकत ती पोचली तेव्हा अकरा चाळीस झाले होते. फलाट रिकामा. खिडकीतला कंट्रोलर दाताच्या फटीत काडी घालत होता.

"साडेअकराची?"

"साडेअकराची साडेअकराला गेली बाई. एरवी उशीर होतो तर शिव्या घालता."

"ड्रायव्हरला फोन करा. त्या गाडीत एका माणसाजवळ माझी... माझी एक डबी आहे."

"दागिने आहेत?"

तिला खोटं बोलवेना आणि खरं सांगता येईना. "दागिन्यांहून मोठं आहे," ती म्हणाली. कंट्रोलरने तिच्याकडे नीट पाहिलं आणि फोन लावला. ड्रायव्हर गाडी चालवताना उचलत नाही, तो म्हणाला. पुढच्या थांब्यावर बघेल कदाचित, पण पुढचा थांबा दीड तासाने.

ती चर्चकडे वळली. नऊ वाजताच फादर डोंगरापलीकडच्या वाडीवर मिस्सेला निघून गेले होते. तिथे फोनला रेंज नाही, आणि परत येईपर्यंत संध्याकाळचे सहा. उरलेली पवित्र भाकर वेदीमागच्या पेटीत कुलपात. मागच्या वर्षी चोरी झाल्यापासून त्याची किल्ली फादरांच्या कमरेला. गावात दुसरं चर्च नाही. हा सगळा हिशेब तिने चालता चालता तीनदा केला आणि तिन्ही वेळा उत्तर एकच आलं.

चर्चमध्ये घंटावाला एकटाच होता. हा पूर्वीचा पोस्टमन. निवृत्तीनंतर घंटा वाजवणं, मेणबत्त्या खरवडणं, फुलं बदलणं हे त्याने अंगावर घेतलं होतं. टाचणीने त्याला सगळं सांगितलं. इतका वेळ कोरडे राहिलेले डोळे तिथे भरले.

घंटावाल्याने डोकं खाजवलं. मग मागच्या खोलीत जाऊन कपाट उघडलं आणि काचेची बरणी घेऊन आला. बरणीत चकत्या होत्या. तशाच पांढऱ्या, तशाच पातळ. फक्त त्यांच्यावर अजून कुणी प्रार्थना म्हटलेली नव्हती. नुसतं पीठ आणि पाणी.

"यातली एक ने," तो हळूच म्हणाला.

"काय बोलताय काका!"

"अगं, तो माणूस मरायला टेकलाय. एकतीस वर्षांनी तोंड उघडून बसलाय. तू सहा वाजेपर्यंत थांबशील, तो थांबेल का? देवाला काय कळत नाही त्याच्या मनातलं? त्याला शांती मिळेल. संध्याकाळी फादर आले की खरी देऊ. कुणाला कळणार आहे?"

तो वाईट माणूस नव्हता. आयुष्यभर त्याने लोकांच्या दारात तारा पोचवल्या होत्या. वाईट बातमीची तार असली की आधी पाणी प्यायला लावायचा आणि मग हातात द्यायचा. टाचणी बरणीकडे बघत राहिली. तिने हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. रुमाल पुढे केला.

पुन्हा सरांच्या घराकडे जाताना तिच्या डोक्यात तार्सिसियस आला. रोममधला तो पोरगा, कैदेतल्या ख्रिस्ती लोकांसाठी भाकर नेत होता. टोळक्याने गाठलं, मारलं, पण त्याने छातीवरची मूठ सोडली नाही. तिचं काम सुरू झालं तेव्हा फादरांनी तिला त्याचंच चित्र दिलं होतं. एकाने मार खाल्ला आणि सोडलं नाही. दुसरीला कुणी बोटही लावलं नाही, आणि तिने टेबलावर काढून ठेवलं. दगड मारणारं कुणी असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. निदान सांगायला काही असतं.

साडेबारा झाले होते. मुलगी दारातच कडाडली. "हे काय चाललंय? 'आत्ता आले' म्हणून दोन तास? त्यांचा श्वास बघा कसा लागलाय. मला त्यांना दवाखान्यात न्यायचंय आणि ते हलायला तयार नाहीत, तुमच्यासाठी!"

सर उशांना टेकून बसले होते. अर्धा चेहरा खाली ओघळलेला, पण डोळे तेच, वर्गात मागच्या बाकावरची कुजबुज पकडणारे. दाढी केलेल्या गालावर एक बारीकसा काप होता. प्रत्येक श्वासाला छातीत खळखळ व्हायची.

"आलीस," ते म्हणाले. जीभ जड होती, शब्द चिकटून यायचे.

मुलीने मेणबत्ती लावली आणि हाताची घडी घालून खिडकीशी जाऊन उभी राहिली. टाचणी गुडघ्यांवर बसली. पुस्तकातल्या प्रार्थना तिने म्हटल्या. आवाज कापत होता, पण तो नेहमीच थोडा कापायचा. मग तिने रुमाल उलगडला. चकती बोटांत धरली. सरांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं, पिल्लाने उघडावं तसं.

आता फक्त दोन शब्द म्हणायचे होते. 'ख्रिस्ताचं शरीर.' त्यावर ते 'आमेन' म्हणतील, आणि झालं.

तिचे ओठ हलले. शब्द आले नाहीत. या माणसाने एका खोट्या नावासाठी एकतीस वर्षं घालवली होती. ज्याला काचेतली हाडं खोट्या नावाने चालली नाहीत, त्याच्या जिभेवर ती काय ठेवत होती?

"सर," ती म्हणाली, "हे ते नाही."

त्यांनी डोळे उघडले.

"हे नुसतं पीठ आहे. खरी भाकर माझ्याकडून हरवली. वाटेत थांबले मी. थांबायचं नसतं, पण थांबले. आणि तुम्हाला कळणार नाही म्हणून हे घेऊन आले."

मुलगी खिडकीपासून दोन पावलं पुढे आली. "म्हणजे तुम्ही माझ्या वडिलांना... शेवटच्या घटकेला... अहो, नाटक करायला आला होतात? उठा. उठा आणि चालत्या व्हा!"

टाचणी उठली. तेवढ्यात सरांचा डावा हात चादरीवर आपटला. एकदा, मग पुन्हा. टेबलावर डस्टर आपटायचे तसा.

"बसू दे तिला."

"बाबा!"

"बसू दे." त्यांनी श्वास गोळा केला. "कुठे हरवली? क्रमाने सांग. वेळेसकट."

आणि टाचणीने सातवीतल्या मुलीसारखं उभं राहून सगळं सांगितलं. दहा वाजून पाच मिनिटं, पंपवाला, कोट, खाकी कागद, सुतळी, बस, कंट्रोलर, बरणी. घंटावाल्याचं नाव मात्र तिने घेतलं नाही. चकती मी घेतली, म्हणाली. सर मधेमधे विचारत होते, 'मग?' 'कुणी पाहिलं?' सगळं संपल्यावर त्यांच्या चेहऱ्याची चांगली बाजू हलली. ते हसत होते की रडत होते ते कळेना.

"तेव्हाचे फादर," ते एकेक शब्द उचलत म्हणाले, "मला एकांतात भेटले होते. पुस्तिका जाळल्यावर. म्हणाले, तुमचं खरं आहे मास्तर, पण लोकांना कशाला सांगायचं. तू... तू सांगितलंस." थोडं थांबले. "हाडांच्या बाबतीत माझं बरोबर होतं. अजूनही बरोबर आहे. पण मला वाटलं, तेवढं बरोबर आहे म्हणजे सगळंच बरोबर आहे. फार वर्षं वाटलं."

"बाबा, बोलू नका. आपण दवाखान्यात जाऊ."

"फादर कधी येतात?"

"सहाला," टाचणी म्हणाली.

"सहापर्यंत मी इथे आहे."

मुलीने आतून ऑक्सिजनची लहान टाकी ओढत आणली, वडिलांच्या नाकाला नळी लावली, आणि टाचणीकडे न बघता म्हणाली, "त्यांना काही झालं ना, तर मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही. हे लक्षात ठेवा."

"बरोबर आहे तुमचं," टाचणी म्हणाली.

पाच तासांची ती दुपार टाचणीच्या आयुष्यातली सगळ्यात लांब दुपार होती. अडीचच्या सुमारास सरांची नखं निळसर दिसायला लागली. मुलीने नाडी धरली, टाकीचा काटा पाहिला, पुन्हा नाडी धरली. तेवढ्यात टाचणीचा फोन वाजला.

"ताई," पंपवाला होता, "तुमचे किती फोन येऊन गेलेत, स्थानकाच्या गलक्यात घंटी ऐकूच आली नाही, आणि गाडीत झोप लागली मला. कोट काढला तर मखमलीची पिशवी पडली. आत डबी आहे."

"उघडलीत?"

"नाही. हलवून पाहिली. आत काहीतरी सरकतंय. औषध आहे का?"

"हलवू नका!" ती इतक्या जोरात ओरडली की मुलगीही दचकली. "पाया पडते, हलवू नका, उघडू नका, सामानात टाकू नका."

"पण आहे काय?"

तो तिच्या धर्माचा नव्हता. दोन वर्षांत हे असं उघड्यावर कुणाला सांगायची वेळ तिच्यावर आली नव्हती. तिने सरांकडे पाहिलं. ते ऐकत होते.

"देव आहे," ती म्हणाली. "आमचा देव आहे त्यात."

पलीकडे बसस्थानकाचा गलका चालू होता. त्यातून तो घाबऱ्या आवाजात म्हणाला, "मग ताई, मी तो पँटच्या खिशात कसा ठेवू?"

"कोटाच्या आतल्या खिशात ठेवा. छातीशी. तिथे जवळ चर्च असेल तर फादरांच्या हातात द्या. दुसऱ्या कुणाच्या नको."

"व्याही न्यायला आलेत. समोर उभे आहेत गाडी घेऊन." त्याने कुणाला तरी 'आलोच' म्हटलं. "बघतो मी. सांगतो त्यांना, आधी एका ठिकाणी जायचंय."

फोन ठेवल्यावर सरांनी बोट हलवून तिला जवळ बोलावलं. "तार्सिसियस," ते पुटपुटले. "तो पोरगा होता याला... पुरावा नाही. थडग्यावर एका पोपने कोरून घेतलेल्या ओळी, तेवढंच. त्यांत वय नाही." श्वास. "पंपावरचा माणूसही असू शकतो."

चार वाजता पुन्हा फोन आला. चर्च सापडलं होतं. तिथले म्हातारे फादर झोपेतून उठून आले होते, डबी बघून त्यांनी गुडघे टेकले होते आणि पंपवाल्याला काय करावं ते न कळून तोही व्याह्यांसकट खाली बसला होता. डबी आता पेटीत, कुलपात होती. टाचणी भिंतीला कपाळ टेकून रडली. पण खोलीतली खळखळ वाढतच होती.

पाच वाजता सर बोलेनासे झाले. साडेपाचला मुलीने सरळ रुग्णवाहिकेला फोन लावला. "बस झालं. गाडी आली की मी नेणार." आता बोलायचा टाचणीला अधिकार नव्हता. ती फक्त जिन्यात जाऊन उभी राहिली आणि रस्त्याकडे बघत राहिली.

आधी जीप आली. घंटावाला दुपारपासून डोंगरातून येणाऱ्या रस्त्याच्या वळणावर जाऊन उभा होता. फादरांची जीप दिसताच हात पसरून तो रस्त्याच्या मधोमध आडवा आला होता. दोघे चर्चमधल्या पेटीतली पवित्र भाकर घेऊन तसेच इकडे आले होते. फादर जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. टाचणीला म्हणाले, "नंतर," आणि आत गेले.

सरांना गिळता येत नव्हतं. फादरांनी भाकरीचा एक कण मोडला, भाताच्या शितापेक्षाही लहान, आणि चमच्यातल्या पाण्यावर ठेवला. त्यांचे हात थरथरत होते. मुलीने ते पाहिलं, त्यांच्या हातातून चमचा घेतला, वडिलांच्या मानेखाली हात घातला आणि रोज औषध द्यायची तसा सावकाश त्यांच्या ओठांशी नेला. फादर म्हणाले, "ख्रिस्ताचं शरीर." सरांच्या तोंडून काही आलं नाही. डावा हात चादरीवर एकदा आपटला, आणि घशाची गाठ खाली-वर झाली.

खालून रुग्णवाहिकेचा भोंगा वाजला.

सर त्या रात्री गेले नाहीत. दवाखान्यात छातीतलं पाणी काढलं, दोन दिवस बरे राहिले, फादरांना बोलावून म्हणे काचेतल्या संताच्या पेटीवर 'नाव अज्ञात' अशी पाटी लावा म्हणून भांडले, आणि बुधवारी पहाटे गेले. दफनाच्या मिस्सेला मुलगी पहिल्या बाकावर बसली, पण गुडघे टेकले नाहीत.

टाचणीने फादरांपुढे सगळं सांगितलं; बरणीतल्या चकतीसकट. फादर रागावले नाहीत, पण सोडूनही दिलं नाही. म्हणाले, चार रविवार डबी दुसरं कुणीतरी नेईल. ते काम पोस्टातल्या एका बाईकडे गेलं, आणि तिने ते साऱ्या गावाला सांगितलं. टाचणीने चारही रविवार मान खाली घालून काढले. दुकानात येणारे कुजबुजायचे. ती तोंडात टाचण्या धरून टिपा मारत राहायची.

पंपवाला परत आल्यावर पिशवी घेऊन दुकानात आला. डबी त्या फादरांनी रिकामी करून, धुऊन दिली होती. मुलीचं लग्न ठरलं होतं. "व्याही म्हणाले," तो सांगत होता, "जो माणूस दुसऱ्याचा देव इतका जपून नेतो, त्याच्या घरची मुलगी करायला हरकत नाही." आणि मग जरा लाजत, "ताई, कोट मात्र बगलेत अजून काचतोय."

"काढा," टाचणी म्हणाली, "बघू."